नोकरीचे कागद आणि लग्नाचे कागद वेगळे करू नका

तुमच्या आजीच्या पेटीत शिक्षिका म्हणून नेमणूकपत्र, शाळा-तपासणीचे दोन अहवाल, लग्नाआधीची पत्रं, राजीनाम्याची नक्कल आणि विवाहाचा दाखला सापडला. आता ‘नोकरी’ आणि ‘लग्न’ अशा दोन फायली कराव्यात का, आणि लग्नाच्या तीन आठवडे आधी तिने शाळेतली नोकरी का सोडली असेल, असं तुम्ही विचारलंय.

फायली करू नका, निदान आत्ता तरी नको. कागद ज्या थरांत सापडले तसेच एकेका थराचे फोटो काढा आणि मगच हात लावा. आत्याच्या कागदांच्या वेळी मी उत्साहाच्या भरात पत्रं माणसांप्रमाणे लावली आणि पाकिटं रद्दीत घातली. नंतर पाहतो तर निम्म्या पत्रांवर नुसतं ‘गुरुवार, रात्री’. तारीख पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात होती. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

आता राजीनामा. ‘संसारासाठी सोडली’ किंवा ‘नवऱ्याने सोडायला लावली’, दोन्हींपैकी काहीही घाईने ठरवू नका. लग्न झालं की शिक्षिकेची नोकरी संपली, असा नियमच कित्येक देशांत होता. इंग्लंड-वेल्समध्ये तो १९४४ च्या शिक्षण कायद्याने गेला. लंडनच्या कौंटी कौन्सिलने (तिथल्या स्थानिक प्रशासनाने) मात्र १९३५ मध्येच सोडून दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९३२ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला, तो १९४७ मध्ये रद्द झाला. आयर्लंडच्या राष्ट्रीय (म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राथमिक) शाळांत ही बंदी १९५८ पर्यंत टिकली. अशा ठिकाणचा राजीनामा म्हणजे नुसती कागदोपत्री औपचारिकता असू शकते. म्हणून आधी नेमणूकपत्राच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मग तिथला त्या वर्षीचा नियम शोधा.

तारखा जुळल्या नाहीत तर लगेच ‘चूक’ म्हणून खोडू नका. नोकरी टिकावी म्हणून लग्न लपवणाऱ्या शिक्षिकाही होत्या, त्यामुळे विवाहाची तारीख राजीनाम्याच्या आधीची निघाली तर उलट तिथेच थांबून नीट पाहा. काही वर्षांनी बदली शिक्षिका म्हणून तीच बाई परत दिसते का, तेही पाहा. युद्धकाळात शिक्षक कमी पडले तेव्हा विवाहित बायकांना परत बोलावलं गेलं. पण तेव्हा आडनाव बदललेलं असणार, म्हणून यादीत दोन्ही नावं लिहा आणि कागदावरचं नाव आहे तसंच उतरवा. विवाहाच्या दाखल्यावर वधूच्या व्यवसायाचा रकाना कोरा असेल तर त्यावरून ती नोकरी करत नव्हती असं धरू नका. जुन्या दाखल्यांत कमावत्या बाईचाही तो रकाना सर्रास कोरा सोडलेला सापडतो. (नवऱ्याचा मात्र न चुकता भरलेला.)

तपासणी अहवालातले ‘समाधानकारक’ वगैरे शेरे फार मनावर घेऊ नका, ती ठरलेली भाषा असते. खरा माल वर्गातल्या मुलांच्या संख्येत आणि विषयांच्या यादीत असतो.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदाला धक्का न लावता पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, हळूच सोडवा. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यांच्यातलं आम्ल शेजारचा कागद पिवळा करतं. (एवढंच काय ते वेगळं काढा, आणि ते कुठल्या दोन कागदांच्या मधे होतं याची चिठ्ठी त्या जागी ठेवा.) जांभळट अक्षरं असतील तर ओला बोळा लावू नका, ती बहुधा कॉपिंग पेन्सिलीची असतात आणि तिचा रंग पाण्याने पसरतो. स्कॅन मजकुरासाठी ४०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), फोटोंसाठी ६००.

आणि राजीनाम्याची ती नक्कल उलटून पाहिलीत का? मूळ पत्र कार्यालयात गेलं, पण नक्कल तिने स्वतःपाशी ठेवली, तीही लग्नानंतर इतकी वर्षं. मागे आधीचा खोडलेला मसुदा असेल तर तो आधी वाचा.