सुई सोडायची आहे, पण लग्न तोंडावर आलंय

मालवणजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७. सीझनला तारकर्लीत बोटीवर काम, पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा जिम. जत्रांच्या दिवसांतल्या शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी कोचने स्टिरॉइडची तिसरी ‘सायकल’ (काही आठवड्यांचा कोर्स) लावून दिलीय: दर आठवड्याला ‘टेस्ट’ (टेस्टोस्टेरॉन) आणि ‘डेका’च्या सुया, रोज ‘डायना’च्या गोळ्या (ही दोन्ही स्टिरॉइडच), व्यायामाआधी अधूनमधून ‘टर्मिन’ची सुई. आता डाव्या स्तनाग्राखाली गाठ लागतेय, पाठ फोडांनी भरलीय, झोप नाही, आणि परवा आईवर हात उगारला गेला. साखरपुडा झालाय, लग्न वैशाखात. तो विचारतो, “मावशी, थांबलो तर केलेली बॉडी जाईल का? कोच म्हणता, काय्येक होवचा नाय, शेवटाक पीसीटी (सायकलनंतरची औषधं) मारूची. आणि हिला सांगू की नको?”

अरे झिला,

आधी त्या गाठीचं बोलू, कारण रोज आंघोळीला गेलास की ती चाचपून बघतोस असं लिहिलंयस. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. डायनाचंही तेच. त्याने स्तनातली ग्रंथी वाढते. ती चरबी नाही, त्यामुळे कितीही बेंच प्रेस मारलास तरी उतरणार नाही. नवी, दुखरी गाठ औषधाने कमी होऊ शकते. वर्षभर तशीच राहिली की कडक होते आणि मग बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून दाखवायची ती आत्ताच.

गाठ हाताला लागते म्हणून तू घाबरलास. मला हाताला न लागणाऱ्या गोष्टींची जास्त काळजी आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते, तेव्हा वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. रक्तात बाहेरचा माल भरपूर दिसला की पिट्युटरी हे काम थांबवते. वृषणं आकसतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन कितीही असलं तरी वृषणाच्या आत ते पुरत नाही, आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. अंगात जोर आहे, इच्छाही आहे, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नकोस. थांबल्यावर बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, आणि थोड्यांचं पूर्ववत होतच नाही. डेका तर शेवटच्या सुईनंतरही कितीतरी आठवडे अंगात रेंगाळतं. एक नवा शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. वैशाखापर्यंतचं गणित तूच मांड.

टर्मिनबद्दल वाचून मात्र माझा जीव वरखाली झाला. टर्मिन म्हणजे मेफेंटरमाइन, हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध. कण्यात भूल दिल्यावर पेशंटचं बीपी एकदम पडतं, तेव्हा भूलतज्ज्ञ मॉनिटरवर नजर ठेवून ते देतात. तू ते जिमच्या बाथरूममध्ये शिरेत टोचून घेतोस आणि पाच मिनिटांत वजन उचलायला जातोस. त्याची सवय लागते, झोप उडते, माणूस संशयी होतो. तुझ्या रात्रींमागे आणि त्या उगारलेल्या हातामागे तेही असणार. आईला यातलं काही माहीत नाही. तिने फक्त मुलाचा हात पाहिला. तिच्यापाशी बस आणि सांग.

त्यात स्टिरॉइडने तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. तुझ्या वयाच्या पोराच्या छातीत दुखलं तर आपल्याकडे ‘गॅस धरला असेल’ म्हणून सोडा पाजतात. घरात एकाला तरी खरं माहीत हवं ते यासाठी, की तो सोडा शोधत न बसता तुला थेट गाडीत घालेल.

स्पर्धेचंही आत्ताच सांगते, यंदा स्टेजवर जाऊ नकोस. शेवटच्या दोन दिवसांत अंगातलं पाणी काढायला लघवीच्या गोळ्या देतात, त्याने पोटॅशियम बिघडतं आणि हृदयाची लय चुकते. मोहम्मद बेनाझिझा हा जगातल्या मोठ्या शरीरसौष्ठवपटूंपैकी एक. १९९२ साली तो स्पर्धा जिंकला आणि काही तासांतच गेला.

आता थांबायचं कसं ते. टर्मिन आणि डायना आजपासून बंद, पुढची सुई घ्यायची नाही, आणि आठवड्याच्या आत एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) गाठायचा. तुला गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल जवळ, नाहीतर कोल्हापूर. तिथे काय काय घेतलंस, किती आणि कधीपासून, सगळं खरं सांग. बाटल्यांचे फोटो घेऊन जा. डॉक्टर हार्मोन्स, सीबीसी (रक्तपेशी), लिपिड (कोलेस्टेरॉल), लिव्हर, इसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि वीर्यतपासणी सांगतील. जड व्यायामानेही लिव्हरच्या रिपोर्टातले एसजीओटी-एसजीपीटी हे आकडे वाढतात, त्यामुळे व्यायाम करतोस हेही सांग. जिममध्ये एकच बाटली किंवा सुई दोघातिघांनी वापरली असेल तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणीही करून घे. लाज वाटेल, तरी कर.

कोचची ‘पीसीटी’ म्हणजे टॅमॉक्सिफेन, क्लोमिफेन वगैरे. डॉक्टरही ही औषधं देतात, पण रिपोर्ट बघून. टॅमॉक्सिफेनने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि तुझं रक्त आधीच दाट झालेलं असू शकतं. कोचने तुझा एक तरी रिपोर्ट पाहिलाय का?

बॉडी जाईल का विचारलंस. काही जाईल. पाणी उतरेल, वजन घटेल, उचलायचा आकडा खाली येईल. व्यायाम चालू ठेवलास तर बरंचसं टिकेल. बांगडा, तारली, अंडी, कुळीथ घरात आहेतच, साधं क्रिएटिन हवं तर डॉक्टरांना विचारून घे. पण खरी अवघड वेळ आरशासमोरची नाही. बाहेरचं बंद झालेलं आणि अंगचं अजून सुरू न झालेलं, अशा त्या आठवड्यांत मन फार खाली जातं. काहीच करावंसं वाटत नाही, इच्छा मरते, कुणाकुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. बरीच मुलं इथेच पुन्हा सुई घेतात. तुला तसं वाटलं तर तो तुझा नेभळटपणा नाही, हार्मोन्स पडलेत म्हणून तसं वाटतंय. लगेच डॉक्टरांना फोन कर. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तोवर एकटा राहू नकोस, रात्री झोपायला मित्राला बोलाव.

आणि तुझ्या होणाऱ्या बायकोला सांग. वैशाखाच्या आधी, रिपोर्टची वाट न बघता. आपल्याकडे लग्नाला वर्ष झालं नाही तोच ‘काय, विशेष काही?’ सुरू होतं, आणि मूल झालं नाही की आधी सुनेलाच डॉक्टरकडे पाठवतात. कारण तुला माहीत असताना तिच्या तपासण्या चालल्या, देवाला गाऱ्हाणी घातली गेली, तर ते ती विसरणार नाही. विसरावं असं मी तिला सांगणारही नाही. जे मला लिहिलंस तेच तिला सांग, गाठीसकट. ती चिडेल, कदाचित तारीख पुढे ढकलू म्हणेल. ते तिला ठरवू दे. डॉक्टरांकडे दोघं मिळून गेलात तर उत्तमच, तिला जे विचारायचंय ते ती स्वतःच विचारेल.

रिपोर्ट आले की मला पुन्हा लिही. नाव घातलं नाहीस तरी ओळखेन.

तुझी मावशी