टाळूतला स्क्रू आणि मेकॅनिकलची पदवी

तुझं पत्र वाचलं. तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. अकरा वर्षांच्या भावाच्या टाळूत एक्सपांडर, म्हणजे टाळू रुंद करणारा स्क्रू, बसवलाय आणि सकाळ-रात्र चावी फिरवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. बाराव्या दिवशी त्याच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली. आई घाबरली, तू वही काढलीस. आता तुला याचंच कॉम्प्युटर मॉडेलिंग करायचंय आणि बाबा म्हणतात, ‘इंजिनिअर होऊन दातांच्या मागे कशाला?’

आधी वहीतला हिशेब. एका वेळी पाव मिलिमीटर, २४ वेळा, म्हणून टाळू ६ मिमी रुंद झाला, असं तू लिहिलंयस. स्क्रू तेवढा उघडला, हे खरं. पण टाळूच्या मधली शिवण, म्हणजे सूचर, तेवढी उघडत नाही. काही भाग दाढा बाहेर कलण्यात जातो, काही हाड वाकण्यात. शिवणही साधारणपणे पुढे जास्त आणि मागे कमी उघडते, कारण मागून टेरिगॉइडची, म्हणजे टाळूमागची कवटीची, हाडं अडवून धरतात. ६ मिमीचे हे वाटे कसे पडतात, हे शोधणं म्हणजेच तुला हवं असलेलं काम.

१८६० साली सॅन फ्रान्सिस्कोचा दंतवैद्य एमर्सन अँजेल याने चौदा वर्षांच्या मुलीचा टाळू स्क्रूने रुंद केल्याचं छापलं, तेव्हा व्यवसायबंधूंनी ते मानलं नाही. दाखवायचं तरी कसं? एक्स-रेचा शोध लागायला अजून ३५ वर्षं होती. आज सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन आहे. फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून ताणाचा हिशेब करायचं तंत्र आहे. तरी सावध राहा. कुठे किती ताण हे दाखवणारं लाल-निळं चित्र कुणालाही काढता येतं. शिवणीला हाडाइतकंच कडक धरलंस तर ती उघडणारच नाही. फार मऊ धरलीस तर हवी तेवढी उघडेल. कडकपणाचा तो एक आकडा कुठून घेतलास आणि का, हे सांगता आलं तरच तू इंजिनिअर. नाहीतर नुसती ऑपरेटर.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. ‘टाळू मॉडेलर हवा’ अशी जाहिरात तुला दिसणार नाही. पण हीच विद्या इम्प्लांट, दात सरळ करणारे अलायनर, हाडांच्या प्लेट्स बनवणाऱ्यांना लागते, आणि तिकडे नाही जमलं तर गाडीच्या सुट्या भागांच्या विश्लेषणातही चालते. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दे, २०२० पासून त्यात बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आयआयटी मुंबईतलं बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग खातं बघून ठेव. बीडीएसला नव्याने जायचं खूळ मात्र डोक्यातून काढ. उपचार ऑर्थोडॉन्टिस्ट करतील, तू त्यांच्या शेजारी बस.

शेजारी बसायची वाटही जवळच आहे. डेंटल कॉलेजातले एमडीएसचे बरेच विद्यार्थी प्रबंधाला फायनाइट एलिमेंटचा विषय घेतात आणि मॉडेल बाहेरून करून घेतात. त्यांच्या विभागप्रमुखांना भेट. पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण शोधनिबंधात नाव आधी ठरवून घे. स्कॅनवर रुग्णाचं नाव नको, संमती हवी. स्कॅनमधून आकार काढणारं थ्रीडी स्लायसर आणि ताणाचा हिशेब करणारं फेबायो ही सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. तेवढ्यावर सुरुवात होते.

आईला सांग, ती फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. आणि वहीतला आलेख सरळ यावा म्हणून भावाची चावी डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एकदाही जास्त फिरवू नकोस.