विमानाच्या मॉडेलवरचा रंग दहा दिवस झाले तरी चिकटच आहे. वरून क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारू का?

नका मारू. पुढचं उत्तर वाचायचा कंटाळा आला तर निदान एवढं पाळा.

तुम्ही लिहिलंय की किट प्लास्टिकचं आहे, ग्लॉस एनॅमल (चकचकीत तेलरंग) ब्रशने दोन जाड हात दिलाय आणि दहा दिवसांनीही पंखाला बोट लावलं की ठसा उमटतो. अशा ओल्या एनॅमलवर स्प्रेचा क्लिअर लॅकर मारला, की लॅकरमधलं तेज थिनर खालच्या मऊ थरात शिरतं आणि तो थर फुगून उठतो. मी बांधलेल्या दुसऱ्याच विमानावर हा उद्योग केला होता. दुधावरची साय चमच्याने ओढल्यावर जशी गोळा होते, तसा वरच्या पंखाचा रंग पाच मिनिटांत गोळा झाला. समजा सुरकुत्या आल्या नाहीत, तरी खालच्या थराची हवा बंद होते. तो आत मऊच राहतो, सावकाश आकसत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी वरच्या कडक थराला तडे जातात.

आधी एकच गोष्ट ठरवायची: रंग उशिरा वाळतोय, की वाळणारच नाहीये? दोन्हींत बोटाला सारखंच चिकट लागतं, उपाय मात्र अगदी उलटे.

मी दोन गोष्टी बघतो. मॉडेल रात्रभर झाकणाच्या खोक्यात ठेवतो आणि सकाळी झाकण उघडल्या उघडल्या वास घेतो. थिनरचा वास आला तर अजून काहीतरी उडून जातंय, म्हणजे आशा आहे. मग शेपटीच्या आडव्या पंखाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी नख दाबतो. वर कडक कातडी आणि खाली नख रुतलं, तर थर जाड झालाय. नख सरळ प्लास्टिकपर्यंत लोण्यासारखं गेलं आणि वासही नाही, तर डबीत किंवा थिनरमध्ये गडबड आहे. आणि खाली रंग घट्ट, फक्त वरवर चिकचिक असेल, तर बहुतेक वेळा ते हाताचं तेल असतं. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसलं की काम संपलं.

हे असं का होतं ते कळलं की पुढचं सोपं जातं. एनॅमल कपड्यासारखा वाळत नाही. आधी त्यातलं थिनर उडतं, हा झाला पहिला टप्पा. मग रंगातलं तेलाच्या जातीचं रेझिन हवेतला ऑक्सिजन शोषून आपसात जोडलं जातं, तेव्हा कुठे थर कडक होतो. जवसाचं तेल फळीवर लावून ठेवलं की घट्ट होतं, त्याच जातीचा प्रकार. हे लवकर व्हावं म्हणून रंगात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार अगदी थोडे घातलेले असतात. थर जाड असला की वरचा भाग आधी ऑक्सिजन घेऊन कातडी धरतो, मग खालचं थिनर बाहेर यायला वाट नाही आणि खाली जायला ऑक्सिजनला वाट नाही. त्यात हवा गार किंवा दमट असेल तर सगळंच रेंगाळतं. ग्लॉस तसाही मॅटपेक्षा संथ. नीट पातळ लावला तरी पुरता कडक व्हायला त्याला आठवडा सहज लागतो. त्यामुळे दोन जाड हातांना दहा दिवस पुरले नाहीत, यात मला फारसं नवल वाटत नाही.

वाळणारच नाही अशी प्रकरणं वेगळी. पहिलं, डबी नीट न ढवळणं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या डबीत रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वरचं तेलकट पाणीच ब्रशला येतं. दुसरं, थिनर म्हणून रॉकेल. ते फार हळू उडतं, मागे तेलकटपणा ठेवून जातं आणि रंग कायमचा मऊ पडतो. तिसरं, प्लास्टिक न धुता रंगवणं, कारण साचातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यावर तसाच असू शकतो. दोन डब्यांचा रंग असेल आणि हार्डनर (रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायचा दुसरा द्रव) चुकला असेल, तर वाट बघण्यात अर्थच नाही. आणि चाकं! किटमधले मऊ विनाइलचे टायर एनॅमलने रंगवू नका. विनाइल मऊ ठेवणारं तेल झिरपून रंगात येतं आणि तो वर्षानुवर्षं चिकट राहतो. टायरला पाण्याचा अ‍ॅक्रिलिक बरा.

तुमच्या वर्णनावरून मला तरी हे जाड थराचंच प्रकरण वाटतं. तसं असेल तर ऊब आणि खेळती हवा द्या. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, खाली आणि वर भोकं पाडा, कारण ऑक्सिजन आत यायला हवा. आत जुन्या पद्धतीचा तारेचा छोटा बल्ब लावा, एलईडीची ऊब पुरत नाही. बल्ब पुठ्ठ्यापासून आणि विमानापासून लांब ठेवा, आत थर्मामीटर टाका आणि पारा ४० अंश सेल्सियसच्या आसपास राहू द्या. थिनरचा वास जोरात येत असेल तोवर हे करू नका, आणि बल्ब चालू ठेवून बाहेर जाऊ नका. किटचं पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं हे खरं, पण पातळ पंख त्याच्या कितीतरी आधी वाकतात. म्हणून हेअर ड्रायर जवळून मारणं किंवा उन्हातल्या बंद गाडीत मॉडेल ठेवणं, दोन्ही नको. चार-पाच दिवस असं करून पुन्हा नख दाबून बघा.

काही जण टाल्कम पावडर भुरभुरतात. चिकटपणा लागेनासा होतो, पण ग्लॉस मेला आणि रंग आत तसाच. फक्त धूळ बसू नये एवढ्यापुरतं ते ठीक.

पाच दिवसांत तसूभरही फरक नाही पडला, तर काढून टाका. मन होत नाही, माहीत आहे. पण न वाळलेला एनॅमल काढायला सगळ्यात सोपा. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने थोडा थोडा भाग पुसत जायचं, पॅनेलच्या रेघांना जुना टूथब्रश. विमान त्यात बुडवून ठेवायचं नाही, जोडांशी प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरतं. अ‍ॅसिटोन आणि लॅकर थिनर तर खोलीतसुद्धा आणू नका, पंख विरघळून हातात येईल. पारदर्शक कॅनपी (वैमानिकाच्या जागेवरचं झाकण) आधी काढून ठेवा. खिडकी उघडी, हातात मोजे.

प्लास्टिकऐवजी दुसरं काही असणाऱ्यांसाठी दोन शब्द. थर्माकोलच्या विमानाला टर्पेंटाइन लावाल तर रंगाबरोबर विमानही जाईल. बाल्साचं असेल तर द्रव लाकडात मुरतो, तिथे पात्याने खरवडणंच बरं. आणि ग्लो इंजिनाच्या (मेथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) उडत्या विमानाचा रंग उड्डाणानंतर सायलेन्सरच्या आसपास चिकट झाला असेल, तर दोष वाळण्याचा नाही. त्या इंधनातलं मेथेनॉल आणि नायट्रोमिथेन साध्या एनॅमलला मऊ करतं. तिथे इंधनाला दाद न देणारा रंगच लागतो.

पुन्हा रंगवताना आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, मग प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. रंग तळापासून ढवळून त्याच कंपनीच्या थिनरने दुधाइतका पातळ करा. पहिला हात इतका विरळ द्या की खालचा प्राइमर दिसत राहील. तो बघून जीव कासावीस होतो आणि आपण लगेच ब्रश परत बुडवतो, तुमचे दोन जाड हात बहुधा असेच झाले असणार. तीन पातळ हात, मध्ये निदान चोवीस तास. स्प्रेचा डबा वापरलात तर दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर वाचा. बऱ्याच डब्यांवर एक तासाच्या आत किंवा थेट एक-दोन दिवसांनी असं लिहिलेलं असतं, आणि मधल्या वेळात मारलं की सुरकुत्या ठरलेल्या.

विमानाबरोबर प्लास्टिकचा एक चमचाही रंगवा, तेवढेच हात, त्याच वेळी. वाळलं का ते बघायला बोट चमच्याला लावायचं. माझ्या टेबलावर असे रंगीत चमचे ढिगाने पडलेत, पण पंखावर बोटाचा ठसा नाही.

पहिल्या वेळी पातळ करायला नक्की काय वापरलं होतं ते लिहा. रॉकेल असेल तर खोक्याच्या भानगडीत न पडता सरळ कापूस घ्या.