१२ वर्षांच्या मुलीने न सांगता इन्स्टाग्राम उघडलं, फोन काढून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलीने जन्मवर्ष खोटं टाकून खातं उघडलं आणि ते तुम्हाला तिच्या भावाकडून कळलं. तुमच्या जागी माझाही आधी फोनकडेच हात गेला असता. तरी सांगते, फोन काढून घेऊ नका. खातं मात्र बंद करा, तिला शेजारी बसवून, का ते सांगून.

इन्स्टाग्रामवर किमान वय 13 आहे हे तिला माहीत असणारच, म्हणून तर तिने वर्ष बदललं. या खोट्या वर्षाचा एक तोटा तिला ठाऊक नसेल. सप्टेंबर 2024 मध्ये काही देशांत सुरू झालेल्या आणि नंतर भारतातही आलेल्या नियमांनुसार तिथे किशोरवयीनांची खाती आपोआप खासगी ठेवली जातात, अनोळखी माणूस त्यांना मेसेज पाठवू शकत नाही आणि 16 वर्षांखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय मोठं दाखवलं की अ‍ॅप तिला मोठं माणूस धरतं आणि हे संरक्षण जातं.

आता फोन का काढायचा नाही ते. माझा मुलगा 13 वर्षांचा असताना एका गेमच्या चॅटमध्ये त्याची कुणाशी तरी ओळख झाली. थोड्या दिवसांनी तो 'मित्र' म्हणाला, इथे नीट बोलता येत नाही, दुसऱ्या अ‍ॅपवर ये. नंतर शर्ट न घातलेला फोटो मागितला. याने पाठवला. लगेच धमकी आली: आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या सगळ्या मित्रांना जाईल. त्या दिवसांत तो फोन कायम पालथा ठेवायचा. जेवताना फोन वाजला की घास तसाच राहायचा. मी विचारलं की "काही नाही." एका रात्री साडेअकराला खोलीत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आधी सांग फोन घेणार नाहीस, मग सांगतो."

धमकी देणाऱ्यापेक्षा त्याला माझी भीती जास्त वाटत होती. ते वाक्य मला अजून टोचतं. आधी दोनदा रागाच्या भरात मी फोन कपाटात ठेवला होता, त्यामुळे सांगितलं की फोन जातो एवढंच तो शिकला होता.

त्या रात्री मी ओरडले नाही. त्याला जवळ घेतलं आणि चूक त्या माणसाची आहे, तुझी नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पुढचा क्रम लक्षात ठेवा. आणखी फोटो किंवा पैसे काहीही पाठवायचं नाही, कारण एकदा दिलं की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. प्रोफाइलच्या नावासकट स्क्रीनशॉट घ्यायचे, अ‍ॅपवर रिपोर्ट करायचं, त्यानंतर ब्लॉक. मग पोलीस तक्रार; आम्ही ती दुसऱ्याच दिवशी केली. आणि प्रकरण नग्न किंवा अर्धनग्न फोटोचं असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था ती चालवते. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, फक्त त्या फोटोची ओळख पटवणारा एक कोड तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो त्यांच्याकडे सापडला तर त्या काढू शकतात. नावही द्यावं लागत नाही.

सेटिंग्ज एका बैठकीत होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तिथे 'माझे संपर्क' निवडा, स्नॅपचॅट असेल तर नकाशात घोस्ट मोड लावा, म्हणजे ती कुठे आहे ते कुणाला दिसत नाही, आणि वापरावर मर्यादा घालायला अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, आणि तुमचाही. लपून पाळत ठेवणारं अ‍ॅप मात्र टाकू नका. मुलांना ते कळतंच, मग ती दुसरं खातं उघडतात आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाही.

आज खातं बंद करायच्या आधी तिच्याबरोबर मेसेज रिक्वेस्ट उघडून बघा. अनोळखी लोकांचे मेसेज तिथेच पडलेले असतात. काही वावगं दिसलं तर आधी स्क्रीनशॉट. मग खातं नुसतं तात्पुरतं बंद न करता कायमचं डिलीट करा. त्यानंतर 30 दिवस ते परत सुरू करता येतं, हेही तिला तुम्हीच सांगा. 13 पूर्ण झाल्यावर खरं वर्ष टाकून नवं खातं तुम्ही दोघी मिळून उघडाल, असा शब्द तिला आजच द्या.