मागितलेला मार्ग आणि मिळालेला मार्ग

प्रश्न : मी फोंड्याचा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता) फ्लोरिडात घेतले आणि गेले आठ महिने एका लहान चार्टर कंपनीच्या टर्बोप्रॉप विमानावर सहवैमानिक आहे. दाबोळीहून पुण्याला जाताना आम्ही फ्लाइट प्लॅनमध्ये जमेल तितका सरळ मार्ग भरतो. प्रत्यक्ष क्लिअरन्स (नियंत्रकाची परवानगी) मागितला की बहुतेक वेळा वेगळाच मार्ग सांगितला जातो आणि निघण्याच्या घाईत एफएमएस (विमानातील मार्गदर्शक संगणक) पुन्हा भरावा लागतो. फ्लोरिडात ‘क्लिअर्ड अ‍ॅज फाइल्ड’ (भरल्याप्रमाणेच मंजूर) हे शब्द नित्याचे होते. भरलेलाच मार्ग मिळावा यासाठी येथे काय करावे?

उत्तर : आपण जो भरता तो अर्ज असतो आणि नियंत्रक जो वाचून दाखवतो ती परवानगी असते. एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) हे दोन्ही क्रमांक हाती आले म्हणजे मार्गही मंजूर झाला, असा समज नव्या वैमानिकांमध्ये बराच आढळतो; पण पहिला क्रमांक आपल्या प्लॅनची नोंद झाल्याचे सांगतो आणि दुसरा हवाई संरक्षणाच्या दृष्टीने हरकत नसल्याचे. मार्गाचा निर्णय त्यानंतरही नियंत्रकाच्याच हाती राहतो.

फ्लोरिडाशी तुलना करताना एक गोष्ट सुटते. तेथे गर्दीच्या शहरांदरम्यान कोणता मार्ग पसंत केला जातो याची यादीच अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा प्रसिद्ध करते, आणि त्या दोन शहरांदरम्यान अलीकडे कोणते मार्ग मंजूर झाले हे वैमानिकांच्या अ‍ॅपमध्येही दिसते. म्हणजे तेथील वैमानिक मनासारखा मार्ग मागून मिळवतो असे नाही. जो मिळणार आहे तोच तो आधी हेरून भरतो. आपल्याकडेही उपाय हाच आहे, फक्त अ‍ॅपऐवजी वही वापरावी लागेल. दाबोळी ते पुणे या फेरीत मिळालेला प्रत्येक क्लिअरन्स तारीख, वार आणि वेळेसह लिहून ठेवा. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर सकाळचा मार्ग कोणता, दुपारचा कोणता आणि शनिवार-रविवारी काय बदलते हे आपोआप दिसू लागेल. मग तोच मार्ग भरा. माझ्या पाहण्यात, याहून उपयोगी दुसरी युक्ती नाही.

आता सरळ मार्ग का मिळत नाही ते पाहू. दाबोळी हे आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरचे विमानतळ असून तेथील नियंत्रण नौदलाकडे आहे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाच्या ताब्यात आहे. म्हणजे आपल्या प्रवासाची दोन्ही टोके लष्करी आहेत. नौदलाच्या मिग-२९के विमानांचा सराव चालू असताना आपल्याला वळसा दिला जाणे स्वाभाविक आहे. (पूर्वी वर्षानुवर्षे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास दाबोळीत नागरी विमानांना मज्जाव असे, हे जुन्या गोवेकरांना आठवत असेल. त्या मानाने वळसा परवडला.) त्यात जानेवारी २०२३ पासून उत्तरेला जेमतेम ४० किलोमीटरवर मोपा विमानतळ सुरू झाले, आणि पुण्याकडे जाणारी सरळ रेषा ओढली तर ती त्याच्या अगदी जवळून जाते. तेथे उतरणारी आणि तेथून उठणारी विमाने याच आकाशात असतात. तेव्हा त्या बाजूने आपल्याला ‘डायरेक्ट’ न देण्यात नियंत्रकाचा हटवादीपणा नसतो.

लष्करी क्षेत्रांतून जाणारे काही मार्ग सशर्त असतात. पहिल्या प्रकारचे मार्ग प्रसिद्ध वेळांत नेहमी भरता येतात, दुसऱ्या प्रकारचे त्या दिवशी खुले असल्याचे जाहीर झाले तरच भरता येतात, आणि तिसऱ्या प्रकारचे भरताच येत नाहीत. ते नियंत्रक आपण होऊन देतो. तिसऱ्या प्रकारचा मार्ग एकदा आकाशात मिळाला म्हणून पुढच्या खेपेस तो प्लॅनमध्ये लिहिणे ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. वहीत नोंद करताना जमिनीवर मिळालेला मार्ग आणि आकाशात मिळालेला शॉर्टकट वेगवेगळ्या रकान्यांत लिहावा तो यासाठी. एआयपी या अधिकृत माहितीपुस्तिकेतील मार्ग २८ दिवसांच्या चक्रानुसार बदलतात. तेवढ्या अंतराने वहीही पडताळून पाहावी.

पुण्याच्या बाबतीत उंचीचाही एक पेच आहे. चुंबकीय दिशा ००० ते १७९ असेल तर विषम आणि १८० ते ३५९ असेल तर सम लेव्हल (हजार फुटांत मोजलेली उंची), हा नियम आपल्याला पाठ असेल. पुणे दाबोळीच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. सरळ रेषा ००० च्या किंचित पूर्वेला पडते, म्हणून आपण १९० किंवा २१० (१९ किंवा २१ हजार फूट) भरत असाल. पण दिलेल्या मार्गाचा एखादा टप्पा थोडा जरी पश्चिमेकडे झुकला, तरी त्या टप्प्यावर नियमाने १८० किंवा २०० येते. मुंबईला जाताना हा प्रश्न उद्भवत नाही, कारण ती दिशा उत्तरेच्या स्पष्टपणे पश्चिमेला पडते. तेव्हा लेव्हल एकूण दिशेवरून न ठरवता टप्प्याटप्प्याने तपासावी.

फ्लाइट प्लॅनचा दहावा रकानाही नीट पाहा. त्यात ‘आर’ (विमान ‘पीबीएन’ म्हणजे ठरावीक अचूकतेच्या दिशादर्शनास सक्षम असल्याची खूण) लिहून अठराव्या रकान्यात ‘पीबीएन’चे संकेत द्यायचे राहिले, तर विमानात यंत्रणा असूनही ती नियंत्रकाला दिसत नाही. कंपनीने वर्षापूर्वी तयार केलेला नमुना तसाच पुढे वापरला जात असेल, तर दोष बहुधा येथेच सापडेल.

एवढे करूनही वेगळा क्लिअरन्स आला तर तो लिहून घ्या, शब्दशः परत वाचा आणि इंधन पुन्हा मोजा. इंधन पुरत नसेल किंवा पुढे ढग दाटलेले असतील तर ‘अनेबल’ (शक्य नाही) म्हणून कारण सांगण्याचा अधिकार कॅप्टनला आहेच. केवळ चार मिनिटे वाचावीत म्हणून जमिनीवर वाद घालू नये. तीच विनंती वर गेल्यावर मुंबई कंट्रोलला केली, तर ती पुष्कळदा मान्य होते.

प्रश्न : भरलेला मार्ग एक आणि मिळालेला दुसरा, अशा वेळी ढगांत रेडिओ बंद पडला तर कोणत्या मार्गाने जावे? — एक प्रशिक्षणार्थी, म्हापसा

उत्तर : मिळालेल्या मार्गाने. आंतरराष्ट्रीय नियमांत ‘फाइल्ड’ आणि ‘करंट’ असे दोन फ्लाइट प्लॅन मानले आहेत, आणि नंतरच्या क्लिअरन्सने झालेले बदल ‘करंट’मध्ये धरले जातात. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत लावून या ‘करंट’ मार्गानेच पुढे जायचे असते. गंमत अशी की उंची आणि वेगाचा नियम वेगळा आहे : शेवटी दिलेली लेव्हल आणि वेग रडारच्या क्षेत्रात ७ मिनिटे आणि रडार नसेल तेथे २० मिनिटे राखायचे, आणि त्यानंतर मात्र मूळ भरलेल्या प्लॅनप्रमाणे बदलायचे. किमान सुरक्षित उंची त्याहून जास्त असेल, आणि सह्याद्रीवर ती असू शकते, तर त्या उंचीच्या खाली यायचे नाही. म्हणून क्लिअरन्स बदलला तरी भरलेल्या प्लॅनची प्रत कॉकपिटमध्ये हाताशी असावी.