रिमोटचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतो

प्रश्न: ताई, आमच्या टीव्हीच्या रिमोटचं आवाज वाढवायचं बटण जाम जोर लावल्याशिवाय चालतच नाही, सेल नवे घातले, आपटून पण बघितला, बाकी बटणं ठीक आहेत. नवीनच घेऊ का?

उत्तर: अहो थांबा, आणि आपटू नका! बाकीची बटणं चालतायत म्हणजे सेलचा दोष नाही. आत एक रबरी शीट असते, प्रत्येक बटणाखाली कार्बनची काळी टिकली, ती सर्किटला टेकली की सिग्नल जातो. तिथे हळूहळू तेलकट चिकट थर बसतो आणि आपण जे बटण सारखं दाबतो तेच आधी रुसतं. सेल काढा, स्क्रू बहुतेक सेलच्या खाचेत लपलेला असतो, मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूच उचका. रबर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळू द्या, सर्किटला मात्र पाणी नको, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (पटकन उडून जाणारं सफाईचं स्पिरिट) बुडवलेल्या इअरबडने पुसा. टिकली खरवडू नका हं, कार्बन निघाला की संपलं (आमच्या दीरांनी ब्लेडने घासली, तो रिमोट आता नातवाचं खेळणं झालाय). टिकली आधीच झिजली असेल तर किचनमधल्या फॉइलचा बारीक गोल कापून त्यावर चिकटवा, मस्त चालतं.