तेच वांगं, तेच कोहळं; ताटात नवं काय आणायचं?

प्रश्न : 30 दिवस नियमाचं जेवण करायचं ठरवलं आहे. धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही, पाकिटातलं काहीच नाही. अंडी, चिकन-मटण, मासे, भाज्या, फळं, सुकामेवा, तूप आणि घाण्याचं तेल चालतं. आज 16वा दिवस. सकाळी ऑमलेट, दुपारी चिकन आणि काकडी-टोमॅटो, रात्री परतलेला फ्लॉवर, हेच फिरून फिरून चाललं आहे. घरच्यांची भाकरी-भाजी मलाच करायची असते, म्हणून माझ्या वेगळ्या ताटाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देता येत नाही. 14 दिवस उरलेत आणि ताटाकडे बघवत नाही.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, बाजारात या दिवसांत भाजीची काही कमी नाही. अडचण वेगळीकडेच आहे. आपल्या भाजीला अंग येतं ते दाण्याच्या कुटानं, बेसनानं, नाहीतर चमचाभर ज्वारीच्या पिठानं. आंबटपणा दह्याचा, आणि शेवटी गुळाचा खडा. तुमच्या नियमात हे सगळं एकदम बाद झालं. खाली उरली हळद, तिखट, मीठ. मग फ्लॉवर काय, चिकन काय, चव एकच लागणार. म्हणून नवीन भाजी शोधण्याआधी, जे गेलं ते कोणतं काम करत होतं ते बघा आणि त्या कामाला दुसरा जिन्नस लावा.

दाटपणासाठी तीळ, खसखस, सुकं खोबरं आणि भोपळ्याच्या बिया (मगज) हाताशी ठेवा. आंबटपणाला चुका (आंबट पालेभाजी), चिंच, लिंबू. पावसाळ्यात अंबाडी, उन्हाळ्यात कैरी. गोडसरपणा हवा असेल तर कांदा उभा चिरून मंद आचेवर 15 मिनिटं परता. तो तपकिरी झाला की गुळाची आठवण राहत नाही. कोहळं (म्हणजे लाल भोपळा) आणि गाजरही तेच काम करतात.

आता अर्ध्या तासाचा हिशेब. रविवारी एकदाच सावजी पद्धतीचं वाटण करून ठेवा. सावजी रश्शाला पुष्कळ घरी ज्वारीचं पीठ किंवा भाजलेली चणाडाळ लावतात, ती इथे नाही. अर्धा किलोच्या दोन रश्शांना पुरेल असं प्रमाण देतो. मोठे कांदे 4, सुकं खोबरं 60 ग्रॅम, धणे 3 मोठे चमचे, जिरं 2 लहान चमचे, शहाजिरं 1 लहान चमचा, मिरी 15, लवंगा 8, दालचिनीचे बोटभर 2 तुकडे, दगडफूल 1 मोठा चमचा, तमालपत्रं 2, लसूण 20 पाकळ्या, आलं दोन इंच, भिवापुरी लाल मिरच्या 12 ते 15 (झेपेल तसं कमी-जास्त). पिठाच्या जागी खसखस 2 मोठे चमचे आणि मगज 3 मोठे चमचे.

खसखस आणि मगज गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा. कोरडी वाटली तर खसखस कधीच बारीक होत नाही, रस्सा दाताखाली कचकचतो. खडा मसाला कोरडाच भाजा, आधी धणे, मग बाकीचे. मिरच्या सगळ्यांत शेवटी, फक्त 30-40 सेकंद, कारण काळ्या पडल्या की सगळं वाटण कडू होतं आणि त्याला मग उपाय नाही. खोबरं थेट आचेवर भाजून चिरा. कांदा थोड्या तेलावर चांगला तपकिरी करा. मसाला आधी कोरडा दळा, मग बाकीचं घालून अगदी कमी पाण्यात गुळगुळीत वाटा. बाजारचा तयार सावजी मसाला आणणार असाल तर पुडीवर काय काय घातलंय ते वाचा, त्यात पीठ किंवा डाळ असू शकते.

पहिल्या दिवशी अर्धं वाटण 3 मोठे चमचे घाण्याच्या तेलावर घाला आणि 8 ते 10 मिनिटं परता. कडेनं तेल सुटलेलं दिसलं पाहिजे. इथे घाई केली तर रश्शाला कच्च्या कांद्याचा वास राहतो. मग अर्धा किलो हाडासकट चिकन, मीठ, 5 मिनिटं परतणं, आणि कडकडीत गरम पाणी. गार पाणी ओतलं की तर्री (रश्शावरचं लाल तेल) वर येत नाही. झाकून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं.

उरलेलं अर्धं वाटण फ्रिजमध्ये 5-6 दिवस टिकतं, आणि आठवडा नवा वाटतो तो याच्यामुळे. बुधवारी लहान काटेरी वांगी घ्या, पाव किलो. चार चिरा देऊन वाटण भरा. चुक्याची पानं दोन मुठी चिरून कढईत तळाला टाका, वर वांगी, झाकणावर पाणी, मंद आच, 15 मिनिटं. चुका विरघळून आंबट-तिखट अंगरस होतो आणि त्यात दह्याची किंवा चिंचेची गरज पडत नाही. शुक्रवारी दोन चमचे वाटण, कोहळ्याच्या जाड फोडी आणि उकडलेली अंडी. कोहळं गोडसर असल्यानं तोच मसाला वेगळा लागतो. कोहळ्याची साल काढू नका. सालीशिवाय फोडी 10 मिनिटांत मोडतात.

आता रस्सा कशाशी खायचा? फ्लॉवर आहेच, पण तुम्ही तो परतताना झाकण ठेवत असाल असं वाटतं. झाकलं की पाणी सुटून लगदा होतो. 400 ग्रॅम फ्लॉवर धुऊन तासभर कापडावर पूर्ण सुकवा, मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, रुंद कोरड्या कढईत मोठ्या आचेवर 4-5 मिनिटं उघडाच परता, मीठ शेवटी. मग गोळाभातावर (डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेल्या वैदर्भी भातावर) ओततो तशी फोडणी करा : तेल 2 मोठे चमचे, मोहरी, 3-4 सुक्या मिरच्या, शुद्ध हिंग. ताटात फ्लॉवर वाढून वरून गरम फोडणी ओता. भात नाही, गोळे नाहीत, तरी वासानं आणि मिरचीच्या कुरकुरीतपणानं जेवणाला आपलेपण येतं. एवढी एक गोष्ट या आठवड्यात करून बघाच.

कोचईही (अळकुडी किंवा अरबी) चांगली, फक्त तिला जपून शिजवा. कुकरमध्ये चिंचेचं लहान बुटूक टाकून 2 शिट्या, त्याहून जास्त नाही. जास्त शिजली की बुळबुळीत होते. सोलताना हाताला तेल लावा, खाज येत नाही. जाड काप करून, तीळ आणि तिखट लावून, तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत.

भरीत तर या दिवसांत हवंच. भरताचं वांगं अर्धा किलोचं, चार ठिकाणी चिरा देऊन (नाहीतर फुटतं) चुलीवर किंवा गॅसवर सगळीकडून काळं होईपर्यंत भाजा. सोलताना नळाखाली धरू नका, धुराचा वास वाहून जातो. हात पाण्यात बुडवून सोला. गर चाळणीवर 10 मिनिटं निथळू द्या. मग लसणाची पात, कांद्याची पात, सांबार (कोथिंबीर), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दाण्यांऐवजी भाजलेल्या तिळाचा जाडसर कूट 2 मोठे चमचे.

सकाळच्या ऑमलेटला सुट्टी द्या. रताळ्याचा किस करा : 300 ग्रॅम रताळी किसून 5 मिनिटं पाण्यात ठेवा, घट्ट पिळा (पाण्यात न टाकता केलात तर चिकट गोळा होतो), 1 मोठा चमचा तुपात जिरं आणि हिरवी मिरची, किस, 3 मिनिटं झाकून आणि 5 मिनिटं उघडा. वर ओलं खोबरं आणि लिंबू. ज्या दिवशी हा किस खाल त्या दिवशी दुपारी दोन अंडी किंवा मासळी नक्की घ्या, कारण रताळ्यात प्रथिनं नावापुरतीच. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम मिळतात, त्यावरून अंदाज बांधा.

काकडी-टोमॅटो बाजूला ठेवून मुळ्याचा किस आणि आंबिया बहारातल्या (हिवाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या) संत्र्याच्या फोडी एकत्र करा. फोडींची पातळ साल आणि बिया काढा. बी चुरडली की कडू होतं. मीठ वाढताना घाला, आधी घातलं तर दहा मिनिटांत वाटीभर पाणी.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. वरच्यासारखाच नियम धरावा का? तेलही सोडायचं मनात आहे. माझं जेवण फारच बेचव होईल अशी भीती वाटते.
– एक वाचक, खामला

उत्तर : वरचा नियम जसाच्या तसा धरू नका. मांसाहार नाही, अंडी नाहीत आणि वर डाळी, दूध आणि धान्यंही काढली, तर प्रथिनं आणायची कुठून? फक्त सुकामेवा आणि भाज्यांवर 30 दिवस काढणं चुकीचं आहे. तुम्ही डाळी-कडधान्यं आणि अखंड ज्वारी ठेवा. साखर, मैदा, पाकिटातलं आणि हवं तर तेल काढा. दूध-दही सोडणार असाल तर बी-12ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. हे जीवनसत्त्व भाज्यांतून मिळत नाही.

तेल फोडणीत मसाल्याचा वास धरून ठेवतं, भाजी चिकटू देत नाही आणि जिभेला स्निग्धपणा देतं. मोहरी-जिरं कोरड्या कढईतही तडतडतं. ते फुटलं की लगेच कांदा टाका आणि चिकटायला लागला की चमचा-चमचा पाणी शिंपडा. एकदम पाणी ओतलं तर कांदा उकडतो, त्याला तपकिरी रंग येत नाही. स्निग्धपणा उतरवल्यावर येऊ द्या : वाटीभर भाजीला 1 मोठा चमचा तिळाचा किंवा जवसाचा कूट. पालेभाजी, गाजर, कोहळ्यात हा कूट अवश्य घाला, कारण त्यांतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. जवस अख्खे खाल्ले तर न पचताच निघून जातात. भाजून दळा आणि आठवड्याचंच करा. जास्त दिवस ठेवलेल्या कुटाला खवट वास येतो.

ज्वारी अखंड शिजवा. 1 वाटी रात्रभर भिजवून, 3 वाट्या पाण्यात कुकरला 7-8 शिट्या. दाणा फुलतो, पण चावताना लागतो. तिच्यावर काळ्या चण्याचा रस्सा ओतून, वर कांदा, सांबार, लिंबू. तर्री-पोह्यांची लाल तर्री बिनतेलात होणार नाही, ते खरं आहे. पण मूठभर शिजलेले चणे वाटून रश्शात घातले तर अंग चांगलं येतं.

पाटवडीही जमते. 1 वाटी बेसन, 2 वाट्या पाणी, ठेचलेला लसूण-मिरची, हळद, मीठ. गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत हलवत घट्ट करा, मग झाकून 5 मिनिटं वाफ. थाळीला तेल लावायच्या ऐवजी पाण्याचा हात फिरवून वर भाजलेले तीळ पसरा, त्यावर गरमागरम थापा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. कोमट असताना कापलेली वडी तुटते.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत नोकरी. सकाळी 7ला डबा भरतो, दुपारी दीडला खातो, गरम करायची सोय नाही. मेमध्ये काय करू?
– एक वाचक, वाडी

उत्तर : मे महिन्यात ओलं खोबरं, नारळाचं दूध आणि उकडलेला बटाटा डब्यात नको, नागपूरच्या उन्हात दुपारपर्यंत आंबतात. अंडी आणि चिकन त्या महिन्यात फक्त बर्फाची पिशवी असलेल्या डब्यातच. नसेल तर भाजलेले कोचईचे काप, तिळकूट घातलेली परतलेली गवार, कैरी-कांद्याची कोशिंबीर आणि मूठभर काजू-बदाम न्या, आणि प्रथिनांचं जेवण सकाळी निघण्याआधी घरीच करा. डब्यात पदार्थ वाफाळता भरून झाकण लावू नका. झाकणाखाली पाणी साचतं आणि तिथूनच खराब होतं. ताटात पसरून 15 मिनिटं गार करा, मग भरा.

प्रश्न : उपासाचं ते सगळं चालतं ना? साबुदाणा, भगर, राजगिरा? आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर?
– दोन वाचक, महाल आणि सक्करदरा

उत्तर : उपासाचा आणि या जेवणाचा नियम वेगळा. भगर हे धान्यच, राजगिरा धान्यासारखाच वापरला जातो म्हणून बाद, साबुदाणा हा काढलेला स्टार्च, आणि शेंगदाणा शेंगवर्गातला. रताळं, सुरण, कोचई, शिंगाडा चालतात. एक जागा मात्र हमखास चुकते : डबीतला नेहमीचा हिंग. त्यात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. इतवारीत खडा हिंग मिळतो. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा एका फोडणीला पुष्कळ होतो.

मधुमेहाचं इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम बंद केली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या क्षणी नियम बाजूला ठेवून साखर किंवा ग्लुकोज घ्या. औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या आणि मगच सुरुवात करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रताळी, पालेभाज्या आणि सुकामेवा यांतल्या पोटॅशियममुळे हा नियम स्वतःहून धरूच नका.